टेपचं एक टोक

जुन्या गोव्यात पाट्या वाचून कंटाळलो
आणि धक्क्यावर फेरी उभी होती, म्हणून चढलो.
कुठं जाते विचारलं तर खलाशी म्हणाला,
"पलतडी."
पुढं काही नाही. साखळी ओढली, निघालो.

मांडवी ओलांडायला वेळ लागतो तो एवढाच,
की शेजारच्या बाईच्या पिशवीतली कोंबडी
दोनदा डोकं बाहेर काढते
आणि दोन्ही वेळा विचार बदलते.

दिवाडीला उतरल्यावर सगळे स्कूटरवर बसून गेले.
मी पायी.
दोन्ही अंगांना खाजन, कापून झालेलं,
धसकटांत बगळे
कचेरीबाहेरच्या अर्जदारांसारखे,
घाई नाही, पण नजर दारावर.
रस्ता एवढा सरळ
की मागं वळून बघितलं तरी फेरी दिसत होती,
म्हणून वळलो नाही.

टेकडीखालच्या दुकानात सोडा मागितला,
विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे?
शाणू दुकानदारानं विचार केला, खरोखरच केला,
बाटली हातात तशीच.
"पळयपाक तशें कांय ना," म्हणाला,
"बसपाक आसा,"
आणि बाकड्यावरची वर्तमानपत्रं सरकवली.

बसलो.
कावळाही कुणाशी भांडत नव्हता.

मग अर्मिंदाबाई आल्या, हातात पिवळा टेप.
"तुमी भायले?"
होय.
"हांगा तुमचें कोण ना मू?"
कोणी नाही.
सांगलीत हे वाक्य मी
एका माणसाचा चहा टाकताना म्हणतो.
इथं त्यांचा चेहरा उजळला.
"मग चला. एक टोक धरा."

भाटाची हद्द. अलीकडे अर्मिंदाबाई,
पलीकडे त्यांची जाऊ इश्पेरांस,
सात वर्षं एकमेकींशी अक्षर नाही.
गावातल्या कुणी टोक धरावं
तर तो हिचा मावसभाऊ निघतो
नाहीतर तिच्या लेकाचा पाद्रीन.
मी चिऱ्याच्या दगडापाशी उकिडवा बसलो,
अंगठा शून्यावर दाबून,
आयुष्यात पहिल्यांदा
कुणाचाच नसल्यामुळं कामाचा.

एकवीस मीटर चाळीस.
दोघींनी आपापल्या चष्म्यातून वाचलं, वेगवेगळं.
माड बरोबर रेषेवर.
बुंधा अर्मिंदाचा, कल इश्पेरांसकडं,
आणि नारळ काही विचारून पडत नाहीत.

"तिला सांगा, हा माड माझ्या घोवानं लावला."
"तिला सांगा, पाणी कोणी घातलं?"
मी मधे उभा राहून सांगत होतो,
माझ्या मोडक्या कोंकणीत,
नाकातला सूर लावायला गेलो तिथंच घसरलो.
घोवाचा घोडा झाला.
घोड्यानं माड लावला.

हसल्या. दोघी, एकदम,
पोट धरून,
इश्पेरांसनं तर हात पुढं केला
अर्मिंदाच्या खांद्याचा आधार घ्यायला,
आणि मग दोघींना आठवलं.
हात माडावर टेकला.

"टेपात वारें भरलें," इश्पेरांस म्हणाली.
खरं होतं, मधोमध टेप पोट सोडून फडफडत होता.
"आयतारा परत," अर्मिंदाबाई म्हणाल्या,
जावेला नाही, माडाला.
"भायलो कोण मेळ्ळो जाल्यार."

परतीला तोच खलाशी.
"कितें पळयलें?"
सांगणार होतो, एकवीस मीटर चाळीस.
"बसलो," म्हणालो.
त्यानं मान डोलवली, जणू ते एखाद्या देवळाचं नाव होतं.

अंगठ्यावर टेपच्या धारेची रेघ उठली होती,
पणजीच्या बसमध्ये जागा मिळेपर्यंत गेली.

येत्या रविवारी कुणी तिकडं जाणार असाल,
आणि तिथं तुमचं कोणी नसेल,
तर शाणूच्या बाकड्यावर
जरा वेळ बसा.